अनामिक भाग क्रमांक तीन

यंत्राचं सरकारी नाव होतं ‘सुटे भाग अभिज्ञान संच, आवृत्ती चार’. उन्हाण्याच्या बायकांनी ते ऐकलं, एकमेकींकडे पाहिलं आणि तासाभरात त्याचं बारसं उरकून टाकलं. जोशीबुवा! कारण लोखंडाच्या कुठल्याही तुकड्याला नाक टेकवलं की ते त्याची जन्मवेळ, जन्मगाव आणि उरलेलं आयुष्य सांगत असे, आणि सांगताना कसलेल्या जोशासारखं जराही अडखळत नसे.

उन्हाणे हे खाडीकाठचं गाव. उन्हाईच्या देवळामागे गरम पाण्याचं कुंड आहे आणि कुंडाशेजारी २००९ साली मारलेली तीनशे मीटरची बोअर. तिच्यातून अठ्ठ्याऐंशी अंशांचं पाणी आपल्या पायांनी वर येतं, पाइपांतून फिरत आपली ऊब हवेला देतं आणि निवून खाडीला मिळतं. ती तापलेली हवा सुकवणघराच्या जाळ्यांमधून खेळते. त्या जाळ्यांवर कोकमं सुकतात, आंबापोळी, फणसाचे गरे सुकतात. लाकूड जाळायला नको, धूर नाही. कोकमाचा हंगाम जेमतेम पाच आठवड्यांचा, पण त्या पाच आठवड्यांवर गावातल्या एकशेदहा बायकांचं वर्ष उभं होतं.

आणि या वर्षी, म्हणजे २०४३च्या चैत्रात, कोकमं झाडावर लाल व्हायला लागली तरी सुकवणघराला प्रमाणपत्र मिळालेलं नव्हतं.

सुकवणघराची प्रमुख दीक्षिता डिंगणकर. वय अडतीस, चालणं भरभर, बोलणं त्याहून भरभर. यंत्रं दुरुस्त करण्यात तिचा हात धरणारं पाच तालुक्यांत कोणी नव्हतं, आणि हे तिला स्वतःलाही चांगलं ठाऊक होतं. गेली दोन-तीन वर्षं मात्र हवेची धग कमी कमी होत चालली होती. जी कोकमं दोन दिवसांत सुकायची त्यांना आता चार दिवस लागत. दीक्षिताने पंखे बदलले, जाळ्या बदलल्या, पाइपांना नवी वेष्टनं घातली. धग काही परत आली नाही.

निरीक्षक तडवी साहेब सकाळी सकाळी जीपमधून उतरले ते दाराशीच अडखळले. उंबऱ्याच्या डाव्या अंगाला शिंपल्यांचा गुडघाभर ढीग होता.

“हे काय?” त्यांनी विचारलं.

“बायकांचं देवाचं काहीतरी असतं दसऱ्याला,” दीक्षिता म्हणाली. “सांभाळून या.”

तडवी मूळचे सातपुड्याच्या पायथ्याचे. शांत माणूस, पण कागदाला पक्का. कायदा त्यांनी केला नव्हता, त्यांच्या खांद्यावर फक्त जोशीबुवा होता. तरी कायदा काय होता ते सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

धातू वितळून गार होतो तेव्हा त्यात बारीक कण जमत जातात. किती वेगात गार झाला, कुठल्या खाणीची माती त्यात होती, कोणत्या साच्यात ओतला, त्यावर त्या कणांची वीण ठरते. दोन भट्ट्यांची वीण कधी एकसारखी नसते. जोशीबुवा माणसाला ऐकू न येणारा आवाज धातूत सोडायचा, आतून परतणारा प्रतिध्वनी ऐकून ही वीण वाचायचा आणि जगभरच्या कारखान्यांनी नोंदवलेल्या चारशे कोटी भागांशी ताडून बघायचा. हा शोध लागला आणि जगातल्या प्रत्येक नटबोल्टाला जन्मदाखला मिळाला. त्यातून पुलांचे खोटे बोल्ट पकडले गेले, विमानांचे बनावट भाग पकडले गेले, कितीतरी जीव वाचले. मग कायदा आला की, दाबाच्या किंवा तापलेल्या पाण्याच्या कुठल्याही यंत्रणेत एकही ‘अनामिक’ भाग चालणार नाही. आता आपल्या देशात अर्ध्याअधिक यंत्रांच्या पोटात कोणा ना कोणाच्या काकाने ठोकून बसवलेलं काहीतरी असतंच. गावोगावचे पंप, बंब, बॉयलर एका फटक्यात बेवारस ठरले.

संध्याकाळपर्यंत जोशीबुवांनी सुकवणघराची पत्रिका मांडली. एकूण भाग चारशे बारा. त्यांत गमती काय कमी होत्या? हवेची टाकी निघाली एसटी बसच्या ब्रेकची, १९९४ची. वाफ सोडणारं झाकण निघालं तीन लिटरच्या प्रेशर कुकरचं. बायका दारातून ऐकत होत्या आणि दर भागाला हसत होत्या. पण या सगळ्यांना जन्मदाखला होता, म्हणून ते पास झाले. अनामिक राहिले ते तीनच.

“हे सगळं जुळवलं कोणी?” तडवींनी विचारलं.

दीक्षिताने हात पुसले. “आत्माराम पाष्टे. एसटीच्या वर्कशॉपात होते, नंतर ट्रॉलरची इंजिनं बघायचे. माझे मामा.”

“मग त्यांनाच विचारू की!”

“ते येत नाहीत इथे,” ती म्हणाली, आणि पाना घेऊन पहिल्या भागाशी जाऊन बसली.

पहिला भाग म्हणजे पाणी पाइपांतून खेळवणाऱ्या पंपाच्या दांड्याभोवतीचं काळसर कडं. धातूच नव्हता, म्हणून जोशीबुवा गप्प. दीक्षिताने नखाने खरवडलं, वास घेतला. “खैर आहे. लाकडाचं बेअरिंग. पाण्यात भिजलं की आपोआप गुळगुळीत होतं, तेल लागत नाही.” दुसरा भाग म्हणजे हवेच्या खिडकीवरची वाकडी पट्टी, पितळ आणि पोलाद एकावर एक रिव्हेट मारून बसवलेलं. तिने चहाच्या किटलीतलं पाणी तिच्यावर ओतलं. पट्टी सगळ्यांसमोर हळूच वाकली, खिडकी उघडली. पितळ पोलादापेक्षा जास्त फुगतं, म्हणून तापलं की पट्टी वाकणार आणि जादा गरम हवा बाहेर जाणार. “परातीचं पितळ आणि करवतीचं पातं,” दीक्षिता म्हणाली. तडवींनी मान डोलावून दोन्ही नोंदी केल्या. बायकांनी टाळ्या वाजवल्या. तिला बरं वाटलं. का वाटू नये?

तिसऱ्या भागाने मात्र दाद दिली नाही.

बोअरचं पाणी वर आल्याबरोबर ज्यातून जात होतं, तो चाळीस लिटरचा दुधाचा कॅन होता. कॅन ओळखीचा, २००३चा. पण जोशीबुवाच्या पडद्यावर आत तांब्याच्या तारेची विणलेली टोपली दिसत होती आणि टोपलीत दगडाचा एकसंध गोळा. झाकण चुन्याने असं बसलं होतं की पान्यालाही दाद देईना.

“गाळ अडवायचं भांडं असेल,” दीक्षिता म्हणाली.

“गाळ नाहीये, शुद्ध चुनखडी आहे.” तडवींनी जोशीबुवाचं नाक पुढच्या पाइपांवर फिरवलं. “आणि ही इथेही आहे. तुमच्या हीट एक्स्चेंजरच्या नळ्या आतून निम्म्या बुजल्यात बाई. धग कशी येणार?”

पाणी तापवायच्या जुन्या पातेल्याला आतून पांढरा थर बसतो ना, तोच हा थर. जमिनीखालच्या दाबात पाण्यात चुना विरघळून असतो. वर येताना दाब कमी होतो, पाण्यातला वायू सोड्याच्या बाटलीसारखा निसटतो आणि चुन्याला पाण्यात राहवत नाही. मिळेल त्या भिंतीवर तो बसत जातो.

“गंमत बघा,” तडवी पडद्यावरचं चित्र मोठं करत म्हणाले. “झाडाच्या खोडासारखी वलयं आहेत. पावसाळ्यात वरचं पाणी मिसळतं, त्या महिन्यांचा थर काळपट. मोजा. अकरा काळपट वलयं, म्हणजे अकरा पावसाळे. त्याच्या आधीची बावीस वर्षं थरच नाही. पाइप कोरे! २०३१ सालच्या पावसाळ्यानंतर इथे काहीतरी बदललं. काय बदललं होतं?”

दीक्षिताने चित्राकडे पाहिलं. २०३१च्या श्रावणात तिने इथला कारभार हाती घेतला होता.

“आठवत नाही,” ती म्हणाली.

तडवींनी तिच्याकडे पाहिलं, पण खोदून विचारलं नाही. “सोपा मार्ग सांगतो. अनामिक भाग कापून टाका, मध्ये सरळ पाइप जोडा. उद्या दहाला वेल्डर बोलवा. अकराला मी परत तपासतो आणि दुपारी प्रमाणपत्र. बुजलेल्या नळ्यांचं पुढे बघता येईल.”

“बोलावते,” ती म्हणाली.

तडवी मुक्कामाला देवळाच्या धर्मशाळेत गेले. दीक्षिता एकटीच कॅनसमोर उभी राहिली. आठवत नाही कसं? चांगलं आठवत होतं. ती वाढली डोंबिवलीला, उन्हाण्याला यायची ती मे महिन्याच्या सुट्टीत. मामानेच तिच्या हातात पहिला पाना दिला, मामानेच तिच्या आईशी भांडून तिला इंजिनिअर केलं. आणि कारभार हाती घेतल्यावर पहिल्याच खंडेनवमीला, मामा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी चिपळूणला गेलेला असताना, गावच्या बायका शिंपल्यांनी भरलेली सुपं घेऊन दारात आल्या. यंत्राची ओटी भरायची म्हणत होत्या. दीक्षिता सव्वीस वर्षांची होती, तिला हसू आलं आणि रागही. तिने यंत्रघराला कुलूप घातलं आणि वर पाटी लावली, ‘पूजाअर्चा दाराबाहेर. आत प्रवेश बंद.’ बायकांनी सुपं उंबऱ्यावर रिकामी केली. चार दिवसांनी मामा आला, हिरव्या पट्टीखालून त्याने ती पाटी वाचली आणि तसाच मागे फिरला. त्यानंतर बारा वर्षांत तो आत आला नाही. लग्नाकार्यात दोघं भेटत, तर तो पंगतीच्या या टोकाला आणि ती त्या टोकाला.

भाग कापला असता तर हा विषय कायमचा मिटला असता. २०३१ साल कोणी विचारलं नसतं. पण पुढच्या पाच वर्षांत उरलेल्या नळ्याही बुजल्या असत्या, आणि हे तिच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. दीक्षिताने फोन उचलला, वेल्डरला लावला नाही, तसाच ठेवला आणि पायात चपला सरकवल्या.

दिवेलागणीला मामा पडवीत कोयतीला धार लावत बसला होता. एक्याऐंशी वर्षांचा, वाळक्या बोंबलासारखा, पण हात स्थिर. त्याने मान वर केली नाही.

“काय गो बाय, वाट चुकलीस काय?”

“बारा वर्षांपूर्वी चुकले होते,” दीक्षिता म्हणाली. वाटेत तिने हे वाक्य ठरवलं नव्हतं. “मामा, दुधाच्या कॅनमध्ये तू काय ठेवायचास?”

धार लावणारा हात थांबला.

“ता तुला म्हायती नाय?”

“नाही.”

“बारा वर्सा चालवतेस नि म्हायती नाय?”

“नाही म्हणतेय ना! मी कधी विचारलंच नाही.”

मामाने कोयती बाजूला ठेवली. घरातून गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या आणून तिच्यापुढे ठेवला, कारण भांडण असलं तरी भाची दारात आली होती. मग म्हणाला, “शिंपले.”

“शिंपले?”

“खाडीतल्या तिसऱ्यांचे. खडीसाखर कशी करतात? पाकात दोरा सोडतात. साखर पातेल्याला नाय लागत, दोऱ्याला लागते. एकदा दोऱ्याला कण बसला की पुढचो कण त्या कणाला शोधीत येतो. चुन्याचा पन तसाच. शिंपलो म्हंजे चुनोच की! वर आलेल्या पान्याला दारातच शिंपले भेटले की त्यातलो चुनो शिंपल्यांवर बसून घेतो, पुढं पाइपात जात नाय. वरसभरात टोपली दगड होते. ती काढायची नि नवे शिंपले भरायचे. झाला!”

दीक्षिताने हे पुस्तकात वाचलेलं होतं. स्फटिक आपल्याच जातीच्या स्फटिकावर लवकर वाढतो, परदेशांत यासाठी मोठाली यंत्रं बसवतात. इथे ते दुधाच्या कॅनमध्ये खाडीच्या शिंपल्यांवर चाललं होतं, आणि तिला त्याचा गंधही नव्हता.

“मग ती ओटी?”

मामा पहिल्यांदा हसला. “मी बायकांना सांगितला असता की दर बारा म्हयन्यांनी चुनो बदलायचा, तर दोन वर्सात इसरल्या असत्या. म्हनून सांगितला की उन्हाई पान्यावाटे यंत्रात आली हाय, माहेरवाशीन हाय, खंडेनवमीला तिची ओटी भरायची, घरटी ओंजळभर शिंपले सुपातून. ओटी कोन इसरतो? ज्या घरात नवरात्रात मासळी नाय शिजत, त्या घरानी पन श्रावनाआधीचे शिंपले धुवून ठेवलेले असायचे. त्या सुपा दारात द्यायच्या, मी आत नेऊन भरायचो. बावीस वर्सा एक डाव चुकला नाय.”

“आणि मला का नाही सांगितलंस?” दीक्षिताचा आवाज चढला. डोळे भरून आले होते, त्याचाच तिला राग आला. “मी तुझी भाची ना? येऊन चार शिव्या द्यायच्या! बारा वर्षं गप्प बसलास तो?”

मामाने तांब्या तिच्याकडे सरकवला.

“मना वाटला, शिकलेली हाय, डबो उघडून बघील. कळला की येईल. मग पाटी वाचली नि डोक्यात राख घातली मी. ‘प्रवेश बंद’ म्हंजे मना पन बंद, असा धरून बसलो. म्हातारपनात मानूस काय कमी येडा होतो काय?”

“दोघंही वेडे,” दीक्षिता म्हणाली आणि गूळ तोंडात टाकला. “उद्या येशील?”

“खंडेनवमीला सहा म्हयने हायत.”

“माझ्या कारखान्यात खंडेनवमी मी म्हणेन तेव्हा.”

सकाळी दीक्षिताने पहिलं काम केलं ते पाटी उपटण्याचं. मामा काठी टेकत आला. दाराशी पोचला आणि उंबऱ्याच्या डाव्या अंगाचा तो ढीग बघून जागच्या जागी उभा राहिला.

“ह्यो कसलो ढीग?”

वनिता वैनी बायकांची पुढारीण. ती पुढे झाली. “ओटीचे हायत ओ आत्मारामभाऊ. आत बंदी झाली म्हनून ओटी थोडीच बंद करायची? दर साली उंबऱ्यावर भरली. बारा ओट्या हायत.”

दीक्षिता बारा वर्षं रोज त्या ढिगाला वळसा घालून आत जात होती. तिला त्या क्षणी खूप लाज वाटली, आणि त्याहून जास्त आनंद झाला. ती खाली बसली आणि ओंजळीने शिंपले सुपात भरू लागली.

कॅनचं झाकण उघडायला मामाने पान्याऐवजी गेल्या सालचं खराब झालेलं कोकमाचं आगळ मागवलं. आंबट लागताच चुना फसफसायला लागला, पाऊण तासात झाकण सुटलं. टोपलीतला गोळा बाहेर काढून दीक्षिताने घणाने फोडला, तर मधोमध शिंपल्यांच्या शिराळ कडा स्पष्ट दिसल्या. तडवी साहेब वाकून बघत राहिले. “जोशीबुवांनी याला एकसंध दगड म्हटलं होतं,” ते म्हणाले.

“त्येंची पन पत्रिका कोनीतरी बघा!” वनिता वैनी म्हणाली.

मग पाण्याची झडप बंद करून उरलेलं आगळ पातळ करून नळ्यांतून चार तास फिरवलं. दुसऱ्या टोकाला पांढरं पाणी बाहेर पडत राहिलं. तोवर बायकांनी शिंपले धुतले. दीक्षिताने पहिलं सूप उचलून मामाकडे दिलं. मामाने ते परत तिच्याच हातात दिलं.

“आता तू भर. नि भरताना यांना सांग, का भरतो ते.”

तिने भरलं आणि सांगितलं. खडीसाखर, दोरा, चुना, सगळं. एकशेदहा बायकांनी दाराबाहेर उभं राहून नाही, आत येऊन ऐकलं. ऐकून झाल्यावर वनिता वैनीने कॅनला हळदकुंकू लावलंच. दीक्षिताने करंडा धरला.

दुपारी चार वाजता हवेची धग तीन वर्षांत पहिल्यांदा पूर्ववत झाली. उरलं होतं ते नोंदणीचं काम. अनामिक भागाला दाखला मिळण्याची एकच वाट होती, यंत्रणेच्या प्रमुखाने त्याची पूर्ण माहिती लिहून सही करायची. ती नोंद मग जगभरच्या जोशीबुवांना कळणार होती. तडवींनी जोशीबुवाची लिहायची पाटी पुढे केली. भागाचं नाव? मामा म्हणाला, ओटी. तेच लिहिलं. निर्माता? आत्माराम पाष्टे, उन्हाणे. देखभालीची मुदत? मामा म्हणाला, खंडेनवमी. तडवी म्हणाले, यंत्र तिथी घेत नाही, दिवस सांगा.

“तिथी कळत नाय, मग जोशीबुवा कसलो?” मामा म्हणाला. शेवटी तीनशे पासष्ट लिहिलं.

खाली अजून एक रकाना होता. ‘देखभाल खंडित झाली असल्यास वर्ष व कारण.’

तडवी खालच्या आवाजात म्हणाले, “हा रकाना रिकामा ठेवला तरी नोंद होते. भरलात तर तुमच्या परवान्यावर शेरा येईल. वर्षभर दर महिन्याला तुमची तपासणी होईल. विचार करा बाई.”

“करायचाय काय त्यात?” दीक्षिता म्हणाली. “उद्या दुसरीकडे कोणी असाच डबा उघडेल, तर त्याला कळायला नको?” तिने लिहिलं, २०३१. कारण, मी विचारलं नाही. आणि सही केली.

ती पाटी परत देणार, तेवढ्यात मामाने ती तिच्या हातातून ओढून घेतली. डोळ्यांजवळ धरून वाचली, बोट धोतराला पुसलं आणि तिच्या ओळीखाली मोठ्या अक्षरांत लिहायला लागला.

‘आणि मी सांगितला नाय. आ. पाष्टे.’

“आजोबा, या रकान्यात एकच कारण घेतात,” तडवी म्हणाले.

“एकच हाय ता,” मामा म्हणाला.

तडवींनी नोंद तशीच पुढे पाठवली. मग जोशीबुवाचं नाक पुन्हा एकदा त्या दुधाच्या कॅनला टेकवलं. पडद्यावर अक्षरं उमटली, ती वनिता वैनीने सगळ्यांना ऐकू जाईल अशी मोठ्याने वाचली.

“ओळख पटली.”